दुसऱ्याचा फासा : ‘सिटिझन स्लीपर २’ खेळताना

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकत नाहीयेत, ब्लॉगवर हे शब्दांकन वाचतायत, त्यांचंही. तुम्ही वाचणारे बरेच आहात हे आता आम्हाला कळलंय.

आज एकाच गेमबद्दल बोलायचंय. ‘सिटिझन स्लीपर २ : स्टारवर्ड व्हेक्टर’. ३१ जानेवारी २०२५ला आला, पीसी आणि कन्सोलवर. रोल-प्लेइंग गेम आहे, इंडी आहे, आणि सिक्वल आहे. यातल्या ‘सिक्वल’ या शब्दावर मला जरा जास्त बोलायचंय. कारण दुसरा भाग काढताना बहुतेक गेम जे करतात, ते या गेमने केलेलं नाही. स्पॉयलरची काळजी करू नका. सुरुवातीचा एक तास आणि खेळायची पद्धत, एवढंच सांगणार आहे. पुढची गोष्ट तुमची तुम्ही खेळा.

आधी पहिल्या भागाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय दुसऱ्याची गंमत कळणार नाही.

पहिला ‘सिटिझन स्लीपर’ ५ मे २०२२ला आला. स्टुडिओचं नाव ‘जंप ओव्हर द एज’, आणि स्टुडिओ म्हणजे मुख्यतः एकच व्यक्ती : गॅरेथ डॅमियन मार्टिन. लेखन त्यांचं, डिझाइन त्यांचं. पात्रांची चित्रं गियोम सॅंजलाँ या फ्रेंच कॉमिक्स चित्रकाराची, संगीत एमॉस रॉडीचं. बस्स, इतकी छोटी टीम. मोठ्या गेमांच्या शेवटी नावांची यादी सरकत असते तेव्हा आपण चहा करून येतो. इथे तेवढा वेळ मिळत नाही.

या गेममध्ये तुम्ही असता एक ‘स्लीपर’. म्हणजे काय, तर कुणा माणसाच्या मनाची नक्कल करून ती एका यंत्राच्या शरीरात बसवलेली. हे शरीर तुमचं नाही, कंपनीचं आहे. तुम्ही पळून आलाय. आणि कंपनीने शरीर असं बनवलंय की त्यांचं औषध मिळालं नाही तर ते हळूहळू झिजत जातं. म्हणजे पळालात तरी पळून जाणार कुठे? एका जुनाट, अर्ध्या मोडक्या अंतराळ स्थानकावर तुम्ही येऊन पडता. त्याचं नाव ‘अर्लिन्स आय’. खिशात काही नाही, ओळखीचं कुणी नाही, काम शोधायचं, खायचं, औषधाची सोय लावायची.

खेळायचं कसं? फाशांवर. रोज सकाळी तुम्हाला पाच फासे मिळतात. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. बऱ्याच गेममध्ये तुम्ही आधी काम निवडता, मग फासा टाकता आणि देवाचं नाव घेता. इथे उलटं. दान आधी पडतं. आपल्या लुडोसारखं : आकडा आधी समोर येतो, मग कुठली सोंगटी हलवायची ते आपण ठरवायचं. समजा आज सहा, चार, तीन, दोन, एक असे पडले. सहाचा फासा जिथे लावाल ते काम फत्ते. एक किंवा दोन लावलात तर काम बिघडायची अर्धी शक्यता. मग सहा कुठे खर्च करायचा? पगाराच्या कामावर, की ज्या बाईने काल तुम्हाला आसरा दिला तिच्या मदतीला? आणि तो एकचा फासा कुणाच्या माथी मारायचा?

आणि शरीर झिजत गेलं की फासे कमी होत जातात. पाचाचे चार, चाराचे तीन. म्हणजे आजारी माणसाला कामं कमी होतात, कामं कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून औषध नाही, औषध नाही म्हणून अजून आजारी. हातावर पोट असणं म्हणजे काय, हे इतक्या सोप्या आकड्यांत मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये बघितलेलं नाही. गॅरेथ यांनी मुलाखतींमधून सांगितलंय की आज आहे उद्या नाही अशी कामं त्यांनी स्वतः केली आहेत, आणि गेम त्या अनुभवातून आलाय. खेळताना ते कळतं.

बरं. आता सिक्वल काढायचा म्हटल्यावर अडचण काय येते बघा.

पहिल्या भागाची सगळी धार भुकेत आहे. पण कुठल्याही गेममध्ये माणूस हळूहळू शिकतो, कमावतो, स्थिरावतो. अर्ध्या खेळानंतर माझ्याकडे पैसेही होते, औषधाची सोयही होती, ओळखीची माणसंही होती. सकाळी फासे पडायचे आणि मला त्यांची भीती वाटायची नाही. मग दुसऱ्या भागात काय करणार? सोपा मार्ग म्हणजे तेच पुन्हा. नवीन स्थानक, तीच भूक, औषध अजून महाग. दुसरा सोपा मार्ग : सगळं मोठं करा. नकाशा मोठा, शत्रू मोठा, नायक जास्त ताकदवान.

‘सिटिझन स्लीपर २’ पहिल्या तासातच त्या औषधाचा विषय संपवून टाकतो. इथे तुम्ही वेगळे स्लीपर आहात, पहिल्या भागातले नाही, त्यामुळे पहिला खेळला नसला तरी चालतं. लेन नावाचा एक गुंड आहे, त्याच्या तावडीत तुम्ही होतात. सेराफिन नावाच्या मित्राच्या मदतीने तुमचं शरीर त्या औषधापासून सोडवायचा प्रयत्न होतो. तो अर्धवट फसतो. औषध सुटतं, पण आठवण जाते, आणि शरीरात काहीतरी कायमचं बिघडतं. चोरलेलं जहाज घेऊन दोघं पळता, आणि लेन मागे लागतो.

म्हणजे पहिल्या भागात जिच्यासाठी झगडत होतो ती सुटका इथे सुरुवातीलाच मिळाली. आता धोका कसला?

धोका ताणाचा. या वेळी फासे झिजत नाहीत, ते मोडतात. प्रत्येक फाशाला स्वतःची तब्येत आहे. तुमच्यावर ताण साठत जातो : काम बिघडलं की ताण, उपाशी राहिलात की ताण. ताण वाढला की सकाळी दान पडतानाच फाशांना इजा व्हायला लागते. तीच जागा पुन्हा पुन्हा लागली की फासा मोडला. आता उद्यापासून चारच. दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी सुटे भाग लागतात, आणि ते कामाच्या मध्यावर सहसा नसतात. त्यात अजून एक भानगड म्हणजे ‘ग्लिच’ फासे. त्यांच्यावर आकडाच नसतो, आणि बहुतेक वेळा ते तुमचं वाईटच करतात.

प्रत्येक वर्गाला, म्हणजे क्लासला, ‘पुश’ नावाची एक ताकद आहे. स्वतःवर ताण ओढवून घ्यायचा आणि त्या बदल्यात हातातले फासे सुधारायचे. रात्री दोनला अजून एक कॉफी मारून सबमिशन पूर्ण करतो ना आपण, तसंच. आजचं भागतं. बिल उद्या येतं.

आता येतो मुख्य मुद्द्याकडे. इथे तुम्ही एकटे नाही. जहाज आहे, आणि जहाजावर माणसं आहेत. हेक्सपोर्ट, फार स्पिंडल, ऑलिव्हेरा, ग्रीनबेल्ट, डार्कसाइड अशा ठिकाणी तुम्ही फिरता, आणि मधे मधे कंत्राटं घेता. कंत्राट म्हणजे दूरच्या, अवघड जागी जाऊन करायचं काम. निघण्यापूर्वी शिधा भरायचा आणि जहाजावरच्या दोघांना बरोबर घ्यायचं. प्रत्येकाचं कसब वेगळं. आणि प्रत्येकाचे स्वतःचे दोन फासे. तुमचे पाच, त्यांचे दोन-दोन. एकूण नऊ फासे झाले. मजा आहे की!

मजा होतीच. पण त्या माणसांनाही ताण आहे. तुम्ही त्यांचा फासा वापरलात आणि काम बिघडलं, तर ताण त्यांच्यावर जातो. त्यांचा ताण भरला की ते त्या कंत्राटापुरते संपले. बसून राहतात. त्यांचे फासे तुम्हाला मिळत नाहीत.

मी काय केलं सांगतो. तिसरं-चौथं कंत्राट असेल. माझे दोन फासे आधीच मोडायला आलेले. शिधा संपत आलेला. समोर एक धोक्याचं काम होतं, जे त्या दिवशी करणं भाग होतं, कारण संकटाचं घड्याळ भरत आलं होतं. माझ्याकडे एक तीन होता आणि बरोबरच्या माणसाकडे एक दोन. माझा तीन लावला असता तर शक्यता जरा बरी होती. पण बिघडलं तर ताण माझ्यावर, आणि माझा फासा मोडणार. मी त्याचा दोन लावला.

बिघडलं. त्याचा ताण भरला. पडद्यावर तो बाजूला झाला.

आणि मी, खरं सांगतो, मनात काय म्हणालो? “चला, माझा फासा वाचला.”

एवढंच. मग मी पुढे खेळलो, कंत्राट कसंबसं पुरं केलं, जहाजावर परत आलो. तिथे तो माणूस होता. त्याच्याशी बोलायचं होतं. आणि मला त्याच्याशी बोलावंसं वाटेना. गेमने मला ओरडलं नव्हतं, कुठे गुण कापले नव्हते. मी लॅपटॉप बंद केला आणि झोपलो. झोप काही आली नाही.

कारण मला हे आधी कुठेतरी घडल्यासारखं वाटत होतं. आणि कुठे, ते रात्री कधीतरी आठवलं.

२०२३चा पावसाळा. मी पुण्यात, नऱ्हेला, दोघांत एक खोली. माझा रूम पार्टनर परभणीचा. नाव सांगत नाही, त्याने तशी अट घातलीये. दिवसा तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी सात ते बारा डिलिव्हरी. माझं इंजिनिअरिंग झालेलं, हातात ऑफर लेटर, पण कंपनी जॉइनिंगची तारीख पुढे पुढे ढकलत होती. चार महिने ढकलली. घरी सांगायची लाज वाटत होती. भाड्याचा माझा अर्धा हिस्सा निघेना. तर हा म्हणाला, “राहू दे रे, मी रात्रीच्या दोन-चार ऑर्डर जास्त मारतो. पगार झाला की दे.”

आणि मी ‘बरं’ म्हणालो.

त्या दिवसांत संध्याकाळी मी खोलीवर बसून काय करत होतो माहितीये? पहिला ‘सिटिझन स्लीपर’ खेळत होतो. स्लीपरला औषध मिळेल का, उद्याच्या जेवणाचं काय, याची मला खरीखुरी काळजी वाटायची. बाहेर धो धो पाऊस, आणि माझं अर्धं भाडं भरायला एक माणूस गाडीवर भिजत फिरतोय. मला त्यात काही विचित्रही वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये तो पडला. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तीन आठवड्यांनी त्याची पूर्वपरीक्षा होती. तो बसलाच नाही.

मी त्याला दवाखान्यात नेलं, डबा आणला, शर्टाची बटणं लावून दिली. नोव्हेंबरमध्ये नोकरी लागली, पहिल्या पगारात भाड्याचे सगळे पैसे त्याला परत केले, वर एक जेवण दिलं. माझ्या डोक्यात हिशोब तिथे मिटला होता. पैसे घेतले, पैसे दिले. विषय संपला.

‘सिटिझन स्लीपर २’ने मला दाखवलं की माझ्या हिशोबात एक रकानाच नव्हता. पैशांचा रकाना होता. धोका कुणी घेतला, याचा नव्हता. माझे फासे शाबूत राहिले कारण त्या रात्री त्याचे वापरले गेले. आणि त्याचा मोडला.

म्हणून मी म्हणतो की हा सिक्वल वेगळा आहे. पहिल्या भागाचा प्रश्न होता, आजचा दिवस माझा निघेल का? दुसऱ्याचा प्रश्न आहे, माझा दिवस निघाला तो कुणाच्या जिवावर? हा दुसरा प्रश्न एकट्या, उपाशी माणसाला पडत नाही. तो पडायला आधी भूक थोडी भागावी लागते आणि आजूबाजूला माणसं असावी लागतात. म्हणून गेमने औषधाचा विषय सुरुवातीलाच संपवला, हे मला नंतर कळलं. पहिला भाग जिथे संपतो तिथून पुढे माणसाला जे वाटायला लागतं, त्याचा हा गेम आहे.

आणि हे तो भाषणं देऊन सांगत नाही. फाशांच्या नियमातच ते आहे. त्यांचा फासा वापरायची मुभा तुम्हाला आहे. कुणी अडवत नाही.

अजून एक. कंत्राट फसलं तर खेळ संपत नाही. गोष्ट पुढे जाते, फसलेलं कंत्राट बरोबर घेऊनच. कुणाला वाचवता आलं नाही तर ती गोष्ट तशीच राहते, लोक त्याबद्दल बोलतात, तुम्ही ते घेऊन पुढच्या बंदरावर जाता. सोपी, मधली आणि अवघड अशा पातळ्या आहेत. मी मधली खेळलो आणि तुम्हालाही तीच सुचवेन. आपल्याला सवय असते काही चुकलं की मागचा सेव्ह उघडायची. इथे गेम स्वतःच सेव्ह करत जातो. केलं ते केलं.

आता तक्रारी. असं नको वाटायला की मी नुसतं कौतुक करतोय.

पहिली तक्रार : पहिल्या भागात एकच जागा होती, त्यामुळे ती आपली वाटायची. कुठल्या गल्लीत मशरूमची भाजी मिळते, कुणाच्या बारमध्ये बसायचं, सगळं पाठ. इथे इतकी ठिकाणं आहेत की एखाद्या जागी जीव रमायला लागतो आणि निघायची वेळ होते. फिरत्या माणसाची गोष्ट आहे, मान्य. पण मला अर्लिन्स आयची आठवण येत राहिली.

दुसरी : कंत्राटं सुरू असताना जीव मुठीत असतो, पण मधल्या काळात, विशेषतः शेवटच्या भागात, पैसे पुरेसे साठतात आणि रोजचे फासे पुन्हा नुसते काम उरकायला वापरले जातात. पहिल्या भागाचा हा आजार पूर्ण बरा झालेला नाही.

तिसरी तक्रार नाही, सूचना आहे : वाचन भरपूर आहे, तेही इंग्रजी. संवाद कुणी बोलून दाखवत नाही, सगळे वाचायचे. मला साधारण चौदा तास लागले, आणि त्यातले बरेचसे वाचनात गेले. धडाधड लढाई हवी असेल तर हा गेम तुमच्यासाठी नाही. कादंबरी वाचायला आवडत असेल आणि अधूनमधून त्या कादंबरीने तुमच्या हातात फासा दिलेला चालत असेल, तर नक्की घ्या. पहिला आधी खेळलात तर उत्तम. तो छोटा आहे, सेलमध्ये स्वस्त मिळून जातो.

आणि ती कंत्राटातली गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी मी जहाजावर जाऊन त्या माणसाशी बोललो. काय बोलणं झालं ते सांगत नाही, तो स्पॉयलर होईल.

त्याच संध्याकाळी पार्टनरला फोन केला. तो आता परभणीतच आहे, शिकवतो. आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, “त्या ऑगस्टबद्दल बोलायचं होतं.” तो हसला. म्हणाला, “येड्या, आता काय त्याचं? पैसे दिलेस ना तू.” मी म्हणालो, पैशांचं नाही म्हणत. तर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “खरं सांगू का, त्या रात्री मला जायचं नव्हतं. फार पाऊस होता. तू एकदा ‘नको जाऊस’ म्हणाला असतास ना, तर मी थांबलो असतो.”

मी म्हणालो, “हो.” दुसरं काय म्हणणार?

दिवाळीत त्याच्याकडे जाणार आहे. लॅपटॉप घेऊन ये म्हणालाय. त्याला बघायचंय, दोघांनी मिळून खेळला तर कुणाचा फासा कोण वापरतं ते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही हा गेम खेळला असेल तर कळवा, कुणाला बरोबर नेलंत आणि कुणाला जहाजावर ठेवलंत. आणि खेळला नसेल, पण तुमच्यासाठी कधी कुणी असाच एखादा फासा मोडून घेतला असेल, तर आम्हाला नंतर लिहा. आधी त्या माणसाला फोन करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, गाडी सावकाश चालवा.